फिशटँकचा ड्रेन गप्प कसा करायचा

नेरूळच्या टॉवरमध्ये असो की वाशीच्या जुन्या सिडको घरात, संपवाला, म्हणजे खालच्या कॅबिनेटमध्ये गाळणीची वेगळी टाकी असलेला मोठा फिशटँक हॉलमध्ये आला की पहिले काही दिवस घरातले सगळे मासे बघतात. मग एका रात्री टीव्ही बंद असतो, पंखा एकवर असतो, आणि टँकच्या मागून ‘गुडगुड... सुर्रर्र’ सुरू होतं. थोडा वेळ शांत, की पुन्हा गुडगुड. हॉलमध्ये गादी टाकून झोपणारे आजोबा किंवा अभ्यासाला बसलेली मुलगी वैतागते आणि सकाळी चहावर एकच विषय निघतो, हा टँक ठेवायचा की विकायचा. पावसाळ्यात खिडक्या लावून घेतल्या की पामबीच रोडच्या गाड्यांचा आवाजही टँकचा आवाज झाकायला येत नाही.

घरच्यांचं म्हणणं चुकीचं नसतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, पण ती बाहेरच्या आवाजाची. झोपायच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगून ठेवलं आहे. बिघडलेला ड्रेन हा आकडा सहज ओलांडतो. हा आवाज एकसुरीही नसतो, थांबून थांबून येतो, म्हणून जास्त छळतो.

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, ‘ओव्हरफ्लो आहे, आवाज येणारच.’ हे मानू नका. पाणी स्वतः फारसा आवाज करत नाही. आवाज येतो तो पाण्यात शिरणाऱ्या आणि पाण्यातून सुटणाऱ्या हवेचा. त्यामुळे आपल्याला ठरवायचं एवढंच असतं की ड्रेनच्या पाइपात हवेला मोकळी वाट द्यायची की तिला अजिबात शिरू द्यायचं नाही. दोन्ही पद्धती शांत चालतात. अधलीमधली अवस्था कधीच शांत चालत नाही, आणि दुकानातून जोडून आलेले बहुतेक टँक नेमके त्या अधल्यामधल्या अवस्थेत असतात.

ही अवस्था डोळ्यांनी पाहता येते. टँकच्या कोपऱ्यातल्या ओव्हरफ्लो बॉक्समध्ये वरून टॉर्च मारा आणि उभ्या पाइपाच्या तोंडाकडे दोन-तीन मिनिटं बघत राहा. पाण्याची पातळी हळूहळू चढते, तोंड पूर्ण बुडतं, पाइप गच्च भरतो. भरलेल्या पाइपातल्या पाण्याचं वजन खाली ओढू लागलं की पंप वर पाठवतो त्यापेक्षा जास्त पाणी खाली जायला लागतं. पातळी झर्रकन उतरते, तोंडाशी भोवरा पडतो, त्यातून हवा आत ओढली जाते, आणि तोच तो ‘सुर्रर्र’. हवा शिरली की सायफन तुटतो, पाणी पुन्हा साचायला लागतं. हे चक्र रात्रभर चालतं.

म्हणून आधी आवाजाची जागा शोधा, पाइप नंतर कापा. रात्री दहानंतर पंखा, एसी, फ्रिजसुद्धा थोडा वेळ बंद करून कॅबिनेटचं दार उघडा. वरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा, पाइपाच्या तोंडाची गुडगुड वेगळी, संपमध्ये फुटणाऱ्या बुडबुड्यांची फसफस वेगळी आणि पंपाची घूंऽ वेगळी. पाइपावर हात ठेवला तर आत हवा खडखडतेय की नाही ते कळतं. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचा आकडा खरा मानू नका, पण एकाच जागी मोबाइल ठेवून आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघायला ते बरं आहे.

मग पंपाचा प्रवाह मोजा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि पाइपांवर पैसे घालतात. पंपाच्या डब्यावर ताशी ३००० लिटर लिहिलेलं असतं ते शून्य उंचीवर. कॅबिनेटमधून टँकच्या काठापर्यंत चार-साडेचार फूट पाणी चढवताना त्यातलं बरंच गळून जातं. कधी उलटंही असतं, दुकानदाराने ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून दुप्पट ताकदीचा पंप गळ्यात मारलेला असतो. रिटर्नचं, म्हणजे पंपातून टँकमध्ये पाणी परत नेणाऱ्या पाइपाचं, तोंड बादलीत धरा, दहा लिटर भरायला किती सेकंद लागतात ते बघा आणि ३६००० ला त्या सेकंदांनी भागा. आला तो ताशी लिटरचा आकडा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये काठोकाठ २५० लिटरच्या आसपास पाणी मावतं. संपमधून ताशी तीन ते पाच पट, म्हणजे ७५० ते १२५० लिटर फिरलं तरी गाळणीचं काम नीट होतं. टँकमध्ये जोराचा प्रवाह हवा असेल तर त्यासाठी वेगळा वेव्हमेकर लावा, तो भार ड्रेनवर टाकू नका. हवेसकट पाणी नेणारा एक इंची पाइप साधारण हजार-बाराशे लिटरपर्यंत समजूतदार असतो, पुढे कुरकुर सुरू करतो. डीसी पंप असेल तर स्पीड एक घर खाली आणा, एसी पंप असेल तर रिटर्नच्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह थोडा आवळा. पुष्कळ घरांत आवाज एवढ्यानेच निम्मा होतो.

पुढचा प्रश्न पाणी पडण्याचा. ओव्हरफ्लोच्या फणीवरून आलेलं पाणी आत फूटभर खाली कोसळत असेल तर तो धबधबा आहे, त्याला दुसरा शब्द नाही. यावर लोक बॉक्समध्ये स्पंज किंवा बायोबॉल कोंबतात. आवाज कमी होतो खरा, पण त्यात घाण अडकते, कुजते आणि नायट्रेट वाढतं. त्यापेक्षा उभा पाइपच उंच करा, म्हणजे बॉक्समधली पातळी फणीच्या दातांखाली इंच-दोन इंचांवर येईल. पाणी पडायला उंचीच उरली नाही की आवाजही उरत नाही. दातांमध्ये शेवाळ किंवा मनीप्लांटची मुळं अडकली असतील तर तीही काढा. दोन-चार फटींतूनच सगळं पाणी जात असेल तर प्रत्येक फटीत नळ सोडल्यासारखा आवाज येतो.

आता मुख्य काम, म्हणजे पाइप. टँकच्या तळाला ड्रेनसाठी एकच भोक असेल तर हवेला वाट द्यायची पद्धत घ्या. रिचर्ड डर्सो नावाच्या अमेरिकन हौशी मत्स्यपालकाने ती लोकप्रिय केली, म्हणून तिला डर्सो स्टँडपाइप म्हणतात. तुमच्याच इमारतीच्या गच्चीवर ड्रेनेजचे पाइप तोंड उघडं ठेवून वर काढलेले दिसतील. खाली जाणाऱ्या पाण्याला वरून हवा मिळावी, ते गुडगुडू नये, एवढ्यासाठीच ते असतात. डर्सोमध्ये हीच युक्ती टँकच्या आत येते. उभ्या पाइपाच्या वर टी बसवायचा, टीच्या आडव्या तोंडाला खाली बघणारा एल्बो, आणि टीच्या वरच्या तोंडाला एंड कॅप. पाणी एल्बोच्या बुडलेल्या तोंडातून शिरतं, त्यामुळे वरून भोवरा पडत नाही. हवा एंड कॅपच्या भोकातून शिरते.

सगळी कला त्या भोकात आहे. भोक फार लहान असेल तर पाइप भरतो आणि मघाचं चक्र पुन्हा सुरू होतं. फार मोठं असेल तर पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज भोकातून बाहेर येतो, शिवाय हवेची शीळ वाजते. दोन-तीन मिलीमीटरपासून सुरुवात करा. त्याहून सोपं म्हणजे एअर पंपाची बारीक सिलिकॉन नळी भोकात घट्ट बसवून तिच्या वरच्या टोकाला एअर कंट्रोलचा छोटा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह लावा. काही रुपयांचा तो व्हॉल्व्ह फिरवत फिरवत आवाज सर्वांत कमी कुठे होतो ते कानांनीच ठरवा. जागा असेल तर बॉक्समधला उभा पाइप सव्वा किंवा दीड इंची घ्या आणि खाली रिड्यूसर लावून एक इंची टँक निपलला जोडा. रुंद पाइपात पाणी भिंतीला धरून उतरतं आणि मधून हवेला वाट राहते. कोणतेही सांधे बॉक्सच्या आत सॉल्व्हंटने चिकटवू नका, नुसते दाबून बसवा. थोडं पाणी झिरपलं तरी ते बॉक्समध्येच राहतं आणि पुढे उंची बदलायला मोकळीक मिळते. तळाशी टँक निपलला मात्र ही सवलत नाही. तिथे पाइप सैल बसला आणि वीज गेली तर बॉक्समधलं सगळं पाणी संपमध्ये उतरेल.

डर्सो आवाज बराच कमी करतो, पण पूर्ण शांतता हवी असेल तर हवेला बाहेरच ठेवणारी पद्धत घ्यावी लागते. तिला शौकिनांमध्ये हर्बी म्हणतात, आणि तिला दोन पाइप लागतात. बॉक्समधल्या मुख्य पाइपाचं तोंड पाण्याखाली चार-सहा इंच बुडलेलं आणि खाली संपजवळ त्यावर एक व्हॉल्व्ह. दुसरा आपत्कालीन पाइप उंच, तोंड उघडं. मुख्य पाइप कायम गच्च भरलेला चालतो, त्यात हवा नाही म्हणून आवाज नाही. भरलेल्या सायफनची ताकद फार असते. एक इंची पाइपाला दोनेक फूट उतार मिळाला तर ताशी ३००० लिटरच्या आसपास पाणी जाऊ शकतं. आपल्याला हवं त्याच्या निम्मंही नाही, म्हणून व्हॉल्व्ह आवळायचा.

‘माझ्या टँकला एकच ड्रेन आहे, हर्बी कसा करू?’ असं म्हणणाऱ्यांनी तळाकडे नीट बघावं. बॉक्समध्ये अनेकदा दोन भोकं असतात, एक ड्रेनचं आणि एक रिटर्नचं. रिटर्नचा पाइप मागच्या काठावरून वळवून टँकमध्ये सोडा आणि रिकामं झालेलं भोक आपत्कालीन पाइपाला द्या. नवं भोक पाडण्याचा विचार असेल तर तळाची काच टफन्ड नाही ना ते आधी पक्कं करा. टफन्ड काचेला ड्रिल लागलं की ती चुरा होऊन खाली येते.

व्हॉल्व्ह लावायला घाई नको. पंप चालू करून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा, मग अर्धा-पाव वळसा आवळत प्रत्येक वेळी काही मिनिटं थांबा. बॉक्समधली पातळी चढत चढत आपत्कालीन पाइपाच्या तोंडाशी येईल. त्या तोंडावरून पाण्याची बारीक धार, पाइपाच्या आतल्या भिंतीला चिकटून उतरेल इतकीच, सुरू राहिली की थांबा. ही धार मुद्दाम ठेवायची. पंपात केस अडकला, रिटर्नच्या कप्प्यातलं पाणी बाष्पीभवनाने दोन इंच उतरलं, तर प्रवाह थोडा बदलतोच. तो फरक धार जमवून घेते, तुम्हाला रोज व्हॉल्व्ह फिरवावा लागत नाही.

गेट व्हॉल्व्ह या कामाला उत्तम, कारण तो अनेक वळशांत उघडतो आणि बारीक फरक करता येतो. पण हार्डवेअरच्या दुकानात ‘गेट व्हॉल्व्ह द्या’ म्हटलं की पितळी पुढे येतो. पितळेत तांबं असतं. कोळंबी, गोगलगायी आणि समुद्री टँकमधली प्रवाळं यांना तांबं थोड्या प्रमाणातही घातक. यूपीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह मिळाला तर घ्या, नाहीतर यूपीव्हीसीचा चांगल्या प्रतीचा बॉल व्हॉल्व्ह चालवा. तो आवळताना हात हलका हवा, एवढंच. त्याच्या दोन्ही बाजूंना युनियन लावा, सफाईच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही.

तीन भोकं पाडायची तयारी असेल तर बीन ॲनिमल नावाची आणखी एक रचना आहे. एक पाइप सायफन, दुसरा हवेचा, तिसरा आपत्कालीन. दुसऱ्या पाइपाच्या डोक्यावरून निघालेली बारीक नळी नेहमीच्या पातळीच्या जरा वर तोंड करून ठेवलेली असते. सायफन तुंबला, पातळी चढली, नळीचं तोंड बुडलं, की हवा तुटते आणि दुसरा पाइप आपोआप सायफन होऊन कामाला लागतो. डोकं लावलेलं काम आहे. पण चार फुटी टँकला त्याची गरज नाही असं माझं मत आहे. सहा फुटांच्या पुढे, किंवा खालच्या मजल्यावर कुणाचं नवं फॉल्स सीलिंग असेल तर जरूर करा.

काठावर लटकवलेला, यू नळीचा ओव्हरफ्लो असलेल्यांसाठी एकच वाक्य: नळीत हवेचे बुडबुडे साचून सायफन तुटला तर पंप संपमधलं पाणी टँकमध्ये भरतच राहतो, म्हणून शांततेच्या नादात त्यावर काहीही आवळू नका.

खाली संपमध्ये पाइप कुठे सुटतो हेही तितकंच महत्त्वाचं. पाण्याच्या वर सुटत असेल तर धो-धो पडतं. फार खोल बुडवला तर सुरुवातीला पाइपातली हवा बाहेर निघत नाही, सायफन धरत नाही आणि गुडगुड लांबते. इंचभर बुडलेला असावा. डर्सोच्या पाइपातून हवा खाली येणारच, त्यासाठी संपच्या टोकाला पाण्याच्या जरा वर टी लावून त्याचं एक तोंड वर उघडं ठेवा. हवा वर निघून जाते, पाणी खाली जातं, बुडबुडे कमी होतात. वाटेत नव्वद अंशांच्या एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन वापरा आणि पाइप कुठेही आडवा पडू देऊ नका, सतत उतार हवा. आडव्या तुकड्यात हवा अडकते आणि ढेकर देत राहते. वॉशिंग मशीनच्या ड्रेनचा वळीवळीचा होज स्वस्त आणि सोयीचा वाटतो, पण त्याच्या प्रत्येक वळीत घाण बसते. आतून गुळगुळीत असलेला होज घ्या.

पाणी गप्प झालं की पंपाची घूंऽ ऐकू यायला लागते, ती आधीही होतीच. पंप संपच्या काचेवर थेट बसला असेल तर खाली जाड स्पंज द्या. रिटर्नचा कडक पाइप कॅबिनेटच्या भोकाला घासत असेल तर भोक मोठं करा आणि मध्ये वीतभर मऊ होज जोडा. संपखाली ईव्हीए किंवा फोमची शीट हवी. पंपाचा रोटर वर्षातून दोन-तीनदा काढून लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवा, क्षार निघतात आणि खडखड जाते. खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार असेल तर ती बहुधा याच घुमण्याची असते, कारण पाण्याचा आवाज स्लॅबमधून फारसा उतरत नाही, कंपन उतरतं. कॅबिनेटच्या दाराला आतून फोम लावायला हरकत नाही, पण मागची बाजू उघडी ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत बंद कॅबिनेटमधलं प्लायवूड फुगतं आणि बुरशी धरतं. उन्हाळ्यात अचानक खरखर सुरू झाली तर आधी रिटर्नच्या कप्प्यातली पातळी बघा, पाणी उडून पंप हवा ओढत असतो.

सगळं जमल्यावर वीज घालवून बघा. मेन स्विच बंद करा आणि पाणी खाली उतरायचं थांबेपर्यंत संपकडे लक्ष ठेवा. चार बाय दीड फुटाच्या टँकमध्ये एक सेंटिमीटर पातळी म्हणजे जवळपास साडेपाच लिटर पाणी. रिटर्नचं तोंड पाच सेंटिमीटर बुडलेलं असेल तर तेवढ्यानेच सत्तावीस-अठ्ठावीस लिटर खाली येतात, वर बॉक्समधलं आणि पाइपातलं वेगळं. संपमध्ये तेवढी जागा आहे का? नसेल तर रिटर्नचं तोंड वर उचला, किंवा पाण्याच्या पातळीच्या लगेच खाली त्याला बारीक भोक पाडा. ते भोक पातळीच्या वर आलं तर पिचकारी उडते आणि नवा आवाज सुरू होतो, आणि महिन्याभरात शेवाळाने बुजतंही, म्हणून अधूनमधून काडी घाला. मग वीज चालू करा. सायफन धरेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं गुडगुड होईल, ती चालायचीच. पावसाळ्यात वीज चार वेळा जाते-येते, तेव्हा ही परीक्षा पहिल्या पावसाच्या आधी झालेली बरी.

दुसरी परीक्षा याहून महत्त्वाची. पंप चालू असताना मुख्य पाइपाचं तोंड हाताने किंवा कॅपने पूर्ण बंद करा आणि बघा, आपत्कालीन पाइप एकटा सगळं पाणी नेतो का. आवाज भरपूर होईल, होऊ द्या. तो आवाज म्हणजेच मुख्य पाइप तुंबल्याची सूचना असते. टँकच्या काठापर्यंत पाणी चढत असेल तर पंपाचा प्रवाह कमी करा किंवा तो पाइप मोठा करा.

प्लंबर किंवा दुकानदार तुम्हाला सांगेल की व्हॉल्व्ह दोन्ही पाइपांना लावून टाकू, म्हणजे तो आवाजही बंद होईल. मुख्य पाइप गोगलगायीने किंवा वाहून आलेल्या पानाने तुंबण्याची वेळ बहुतेक घरात कुणी नसतानाच येते, आणि तेव्हा पाणी जायला आपत्कालीन पाइप हीच एक वाट असते. आपत्कालीन पाइपावर व्हॉल्व्ह लावू देऊ नका, जाळीही नको.